मदत हवी आहे: दख्खनच्या क्वार्ट्झमधले जुळे स्फटिक तापमानामुळे की दाबामुळे?

नमस्कार मंडळी. जळगावकडच्या एका खाणीतून झिओलाइटसोबत (बेसाल्टच्या पोकळ्यांत कमी तापमानाला वाढणारी खनिजं) आलेला क्वार्ट्झचा गड्डा माझ्याकडे आहे. एका स्फटिकावर टोकाजवळचे छोटे तिरपे पैलू एकाआड एक कोपऱ्यांऐवजी लागोपाठच्या कोपऱ्यांवर दिसतात, म्हणून ते डोफिने जुळे (एकाच स्फटिकातले दोन भाग उभ्या अक्षाभोवती एकमेकांपासून १८० अंश फिरलेले) असावे असा माझा अंदाज आहे.

घोडं अडलंय ते इथे. क्वार्ट्झ ५७३ अंश सेल्सिअसखाली थंड होताना बीटा (उच्च तापमानाच्या) रूपातून अल्फा (नेहमीच्या) रूपात येतो आणि तेव्हा डोफिने जुळी बनतात, हे वाचलंय. दाब वाढला की हे तापमानही चढतं, दर किलोबारला साधारण २५ अंशांनी. पण बेसाल्टच्या पोकळ्यांतला क्वार्ट्झ झिओलाइटबरोबर, म्हणजे याच्या कितीतरी खालच्या तापमानाला वाढला. तो बीटा रूपात कधी नव्हताच! मग जुळं वाढतानाच झालं, की नंतरच्या ताणाने? डोफिने जुळं नुसत्या दाबानेही होऊ शकतं, ब्राझील जुळं (डाव्या आणि उजव्या हाताच्या क्वार्ट्झची जोडी) मात्र सहसा वाढतानाच होतं, एवढं ठाऊक आहे.

दोन्ही कारणं वेगळी ओळखायची खूण कोणती? ध्रुवित प्रकाशात डोफिने दिसत नाही, आणि पृष्ठभाग कोरून जुळं दाखवणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल घरात आणायची माझी हिंमत नाही (बायकोची तर अजिबातच नाही).

शिवाय त्याच गड्ड्यावर दोन चपटे स्फटिक कोनात चिकटलेत. साध्या कोनमापकाने ८५ अंशांच्या आसपास येतात. जपान जुळ्याचा (ठरावीक कोनात जोडलेले दोन स्फटिक) कोन ८४ अंश ३३ मिनिटे. एवढ्यावरून जपान म्हणायचं, की योगायोग? फोटो कोणत्या बाजूने काढू?