विषय: नागपूरला भावाचा अपघात, ऑपरेशन झालं पण आता घर कसं चालवायचं?

प्रेषक: मंडळ सदस्य, रेडिंग

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मेल्स चालू असताना मधेच हा विषय काढतेय, पण आपल्या इंग्लंडमधल्या मंडळात नागपूरचे बरेच जण आहेत आणि मला दुसरीकडे कुठे विचारावं ते सुचत नाहीये. माझा धाकटा भाऊ बुटीबोरी एमआयडीसीत एका कंत्राटदाराकडे कामाला आहे. सकाळच्या शिफ्टला बाइकवर जाताना वर्धा रोडवर मागून एका पिकअपनं उडवलं, नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, रॉड टाकलाय. ऑपरेशनचं बिल आम्ही भावंडांनी मिळून भरलं, तो विषय संपला. डॉक्टर म्हणतात चार ते सहा महिने उभ्याचं काम नाही आणि सध्या त्या पायावर वजन टाकायचंच नाही.

खरी अडचण आत्ता सुरू झालीये. कंत्राटदार म्हणतो काम नाही तर पगार नाही. मानेवाड्याला भाड्याचं घर, बाइकचा हप्ता, पोरीची शाळेची फी, वहिनी ब्लाउज शिवते त्यावर किती निघणार. मला फोनवर "ताई, सगळं मस्त आहे" म्हणतो, आणि वहिनीकडून परवा कळलं की फिजिओला जायचं त्यानं बंद केलंय कारण ऑटोला जायचे-यायचे पैसे लागतात, आणि रात्री सगळे झोपले की वॉकर बाजूला ठेवून भिंतीला धरून त्याच पायावर उभा राहतो, पुढच्या महिन्यात कामावर जायचं म्हणून. हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाहीये.

काही जणांनी वर्गणी काढू म्हटलं, मनापासून आभार. पण आधी हे सांगा की या मधल्या महिन्यांसाठी तिथे काही सोय असते का? पगार अठरा हजाराच्या आसपास आहे.

प्रेषक: माजी खजिनदार, सध्या मुक्काम नागपूर

ताई, वर्गणी-बिर्गणी राहू दे बाजूला, आधी भावाची पगाराची स्लिप व्हॉट्सॲपवर मागव आणि त्यात ईएसआयसी (म्हणजे सरकारी कामगार विमा) नावाची कपात आहे का ते पाहा. पगार एकवीस हजाराच्या आत असला तर कापायलाच पायजे, कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. कपात होत असेल तर तुझा भाऊ विमा उतरवलेला कामगार आहे आणि घरी बसलेल्या दिवसांचे पैसे हा त्याचा हक्क आहे, कोणी उपकार करून नाही राहिलं.

आता नीट वाच, कारण इथेच लोक फसतात. आजारपणाची रजा असते त्याला पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. पण कामावरच्या अपघाताला ९० टक्के मिळतात, आणि डॉक्टर जोवर सर्टिफिकेट देतात तोवर मिळत राहतात, ९१ दिवसांची अट त्याला नाही. आणि घरून ड्युटीला जाताना किंवा ड्युटीवरून घरी येताना झालेला अपघातसुद्धा कामावरचाच धरतात, २०१० च्या दुरुस्तीपासून. फक्त वेळ, रस्ता आणि काम यांचा मेळ बसला पायजे. म्हणजे अठरा हजार धरले तर महिन्याला सोळा हजाराच्या घरात. ईएसआयसीच्या ऑफिसातले काही बाबू समोरचा माणूस घाबरलेला दिसला की सरळ आजारपणाचा फॉर्म पुढे करतात, तेव्हा वहिनीनं स्पष्ट म्हणायचं की हा ड्युटीला जातानाचा अपघात आहे.

कंत्राटदारानं अपघाताचा रिपोर्ट पाठवायचा असतो. तो टाळून राहिला असेल तर मूळ कंपनीला लेखी द्या, कंत्राटी कामगारांच्या ईएसआयसीची अंतिम जबाबदारी मूळ मालकावर असते, आणि एक प्रत ईएसआयसीच्या ब्रँच ऑफिसला देऊन त्यावर पोचचा शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय कोणताही कागद सोडायचा नाही, हे मी हात जोडून सांगतो. कागद कोणते तर डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, हॉस्पिटलची एमएलसी (अपघाताची पोलिसांसाठीची नोंद), एफआयआर आणि पंचनामा, आणि त्या दिवशी कोणती शिफ्ट होती ते दाखवणारं काही असेल तर सोन्याहून पिवळं. खाजगी डॉक्टरचं सर्टिफिकेट तेवढ्यानं चालत नाही, ईएसआयच्या डॉक्टरांकडून दर वेळी सर्टिफिकेट घ्यावं लागतं. कामगार विमा हॉस्पिटल सोमवारी पेठेत आहे, मानेवाड्याहून फार लांब नाही. बाहेर भरलेल्या बिलासाठीही इमर्जन्सी म्हणून अर्ज करता येतो, पूर्ण मिळेलच असं नाही पण अर्ज टाकून ठेवा. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून भरलेलं बिल परत मिळत नाही, ती कॅशलेस आहे, त्यामुळे त्या मागे आता वेळ घालवू नका.

आणि हे पैसे चालू आहेत तोवर मालकाला त्याला कामावरून काढता येत नाही, कायद्यातच आहे. हे भावाला आवर्जून सांग, कारण मला वाटते तो पगारापेक्षा नोकरी जाईल या भीतीनं रात्री उभा राहून राहिला.

प्रेषक: मंडळ सदस्य, लेस्टर (फिजिओथेरपिस्ट)

ताई, मी नागपूरच्याच मेडिकलची, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजची. खजिनदार काकांनी पैशाचं सांगितलं, मी पायाचं सांगते. भिंतीला धरून उभं राहणं आजपासून बंद. रॉड हाड जुळेपर्यंत आधार देतो, हाडाचं काम कायमचं करू शकत नाही. दोन ठिकाणी मोडलेलं हाड जुळायच्या आधी रोज भार पडत राहिला तर रॉड किंवा त्याचे स्क्रू तुटू शकतात, मग दुसरं ऑपरेशन आणि परत पहिल्यापासून मोजायचे महिने. पायावर किती वजन टाकायचं ते एक्स-रे बघून सर्जनच ठरवतील.

पण फिजिओ बंद करणंही तितकंच वाईट, गुडघा आणि घोटा आखडले की ते सोडवणं फार जिकिरीचं होतं. मेडिकलमध्ये फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही विभाग आहेत, तिथे खाजगीच्या मानानं अगदी नगण्य पैसे लागतात. रोज जायची गरजही नसते, दर काही दिवसांनी जाऊन पुढचे व्यायाम शिकून यायचे आणि घरी करायचे. पलंगावर पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू घट्ट करायचा, गुडघ्याची वाटी वर सरकताना दिसली पाहिजे, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचं. हे वहिनी शेजारी बसून मोजू शकते. भाऊ तयार असेल तर मी रविवारी व्हिडिओ कॉलवर बघते, सर्जननं काय परवानगी दिलीय तो कागद आधी पाठव.

आणखी एक, राग मानू नकोस. तो खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खातो का? नागपूरच्या पोरांना विचारावंच लागतं. तंबाखूनं हाड जुळायला उशीर होतो, सिगरेट असो की खर्रा. घरात बसून वेळ जात नाही म्हणून वाढलेला असतो आणि त्यात पैसेही जातात.

प्रेषक: मंडळ सदस्य, रेडिंग

स्लिप आली. कपात आहे!! दर महिन्याला होतेय आणि आमच्या घरात एकालाही माहीत नाही की हे काय आहे. आणि हो, खर्रा खातो, वहिनी म्हणते दुप्पट झालाय. भावाला काकांची मेल वाचून दाखवली, नोकरी जात नाही हे दोनदा विचारून घेतलं त्यानं. मग गप्प झाला आणि म्हणाला रविवारी कॉल लाव.

आता बाइकच्या हप्त्याचं आणि आम्ही इथून काय पाठवायचं त्याचं कोणी सांगाल का.

प्रेषक: मंडळ सदस्य, हॅरो (अकाउंट्सवाले)

ताई, मंडळाच्या नावानं गोळा करून त्याच्या खात्यावर टाकणं नको असं माझं ठाम मत आहे. बहिणीनं भावाला दिलेल्या पैशावर भारतात त्याला टॅक्स नाही, पण नात्याबाहेरच्यांकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर आले की ते त्याचं उत्पन्न धरतात. शिवाय आपल्यातल्या बऱ्याच जणांचे पासपोर्ट आता ब्रिटिश आहेत, तिथे परदेशी देणगीच्या कायद्याचा प्रश्न निघू शकतो, नातेवाइकांना त्यातून सूट आहे. त्यामुळे पाठवायचं ते तूच तुझ्या खात्यातून पाठव.

आणि एकरकमी पाठवू नकोस. मी घरी हे पाहिलंय, मोठी रक्कम आली की पहिल्यांदा उधारी मागणारे उभे राहतात आणि तिसऱ्या महिन्यात किराणा अडतो. शाळेची फी थेट शाळेत भर, बाकी दर महिन्याला एका ठरलेल्या तारखेला वहिनीच्या खात्यावर. ईएसआयसीचे पैसे सुरू व्हायला वेळ लागेल, तोवरची भर एवढाच हिशोब ठेव.

हप्ता बाउन्स व्हायच्या आधी फायनान्सवाल्यांना लेखी कळवा, डिस्चार्ज कार्ड जोडून, हप्ते पुढे ढकलून किंवा कमी करून मिळतात का विचारा. आधी विचारणाऱ्याचं ऐकतात, नंतर विचारणाऱ्याला वसुलीवाले भेटतात. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्जात जमा होतं. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, वहिनीला माहीत असू दे. मोबाइलवरच्या लोन ॲपला मात्र हात लावू देऊ नका, कितीही अडलं तरी.

पिकअपचा नंबर एफआयआरमध्ये असेल तर त्याच्या विमा कंपनीकडे मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करता येतो. एप्रिल २०२२ पासून त्याला अपघातापासून सहा महिन्यांची अट आहे, म्हणून वकील आत्ताच गाठा आणि ईएसआयसीचं चालू आहे ते त्याला पहिल्याच भेटीत सांगा. वर्षाला वीस रुपयेवाला सुरक्षा विमा बँकेतून कापला जातो त्याची आशा धरू नका, तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वालाच आहे.

प्रेषक: मंडळ सदस्य, रेडिंग

फी आज सकाळीच शाळेत भरली. वहिनी सोमवारी कागद घेऊन जातेय, पण तिला एकटीला तिथे बोलायची धास्ती वाटतेय. काका, तुम्ही सोबत जाऊ शकाल का? आणि भावाला स्वतः यावं लागेल का?

प्रेषक: माजी खजिनदार, सध्या मुक्काम नागपूर

यावं लागेल, डॉक्टर पाय पाहिल्याशिवाय सर्टिफिकेट नाही देणार. ऑटो नको, मी कार घेऊन साडेआठला घरी येतो, मागच्या सीटवर पाय लांब करून बसता येईल. एक्स-रेचा मोठा लिफाफा, आधार, बँक पासबुक आणि सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स आदल्या रात्रीच एका पिशवीत भरून ठेवायला सांग वहिनीला. आणि पत्ता पाठव, मानेवाड्याला नेमकं कुठे ते तू लिहिलंच नाही.