मदत हवी आहे: इंजिन बांधल्यावर टॅपेट वाजतोय, रविवारच्या आत उत्तर हवं

कासपठार
बुलेटचं इंजिन नुकतंच बांधून घेतलं. बोअर-पिस्टन, दोन्ही व्हॉल्व्ह, गाइड सगळं नवीन. अडीचशे किलोमीटर चालवली, आता टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) टकटक आवाज येतोय. मेकॅनिक म्हणतो, दोन हजार किलोमीटर चालव, बसेल. मला पटत नाही. रविवारी बाबांची पंचाहत्तरी आहे, गाडी त्यांचीच आहे, दारात नीट उभी हवी. काय करू?

घाटवाट
कुठली बुलेट? बीडाच्या इंजिनानंतर आलेल्या यूसीई इंजिनला (इंजिन-गियरबॉक्स एकत्र असलेलं) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने आपोआप जुळणारे टॅपेट असतात, त्यात सेट करण्यासारखं काही नसतं. मॉडेल न सांगता कोण काय सांगणार?

कासपठार
जुनीच हो. १९९४ ची, ३५०, उजव्या पायाचा गियर.

वारणाकाठ
बीडाचं इंजिन म्हणजे २०डब्ल्यू५० मिनरल ऑइलच घाला. माझ्या गाडीला भलतंच पातळ ऑइल घातलं होतं, तेव्हा असाच आवाज यायचा. बदललं आणि थांबला.

घाटवाट
वारणाकाठ, आवाज कुठून येतोय ते कळायच्या आधीच ऑइल बदलायचं? थंड असताना जास्त येतो की गरम झाल्यावर? थंड असताना वाजून मग कमी होत असेल तर पिस्टन बघा.

कासपठार
सुरू केल्यावर काहीच नाही. दहा मिनिटांनी चालू होतो आणि वाढतच जातो. ऑइल २०डब्ल्यू५०च आहे.

फिटरकाका
बाळा, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतंस. आता ऐक. इंजिन रात्रभर थंड होऊ दे. प्लग काढ, पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला अगदी वर आण. दुसऱ्या फेरीत वर आलेल्या पिस्टनवर सेट केलंस तर सगळं चुकेल, तिथे व्हॉल्व्ह पूर्ण बसलेले नसतात. उजवीकडचं टॅपेटचं झाकण काढ आणि पुशरॉड (टॅपेटपासून वर रॉकरपर्यंत जाणारा दांडा) दोन बोटांनी फिरव. सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. एक्झॉस्टचा किंचित सैल चालेल. लॉकनट आवळल्यावर परत फिरवून बघ, आवळताना सेटिंग हमखास सरकतं.

वारणाकाठ
पुशरॉड नवे टाकलेत का? बाजारात स्टीलचे मिळतात. बीडाचा सिलिंडर आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाढतं, स्टील त्या मानाने कमी वाढतं, म्हणून गरम झाल्यावर गाळा पडतो.

कासपठार
पुशरॉड जुनेच, अ‍ॅल्युमिनियमचे. काकांनी सांगितलं तसं केलं. दोन्ही बरोबर फिरतात. तरी आवाज आहे.

ठाणेकर९
माझ्या गाडीचा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो, टाकीतला गंज असेल का?

घाटवाट
ठाणेकर, वेगळा धागा काढा ना. इथे माणसाला रविवारची घाई आहे.

फिटरकाका
मोठा स्क्रूड्रायव्हर घे. टोक सिलिंडरवर, मग दोन्ही रॉकर कव्हरवर (रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा हात, त्यावरचं झाकण) एकेक करून टेकव आणि मूठ कानाला लाव. आणि सांग, रॉकरला तेल नेणाऱ्या पाइपचे वॉशर बदललेत का?

कासपठार
सिलिंडरवर साधी घरघर. मागच्या कव्हरवर थोडा. पुढच्या कव्हरवर टकटक थेट कानात शिरते. वॉशर बदलले आहेत, मेकॅनिकने वर पेस्टही लावली होती, गळू नये म्हणून.

फिटरकाका
तिथेच घोळ आहे. इंजिन चालू ठेवून त्या तेलाच्या पाइपचा पुढचा बोल्ट अर्धा आटा सैल कर. तेल झिरपलं पाहिजे. कोरडा असेल तर लगेच बंद कर.

वारणाकाठ
बोल्ट असे सैल करायला सांगू नका काका, तापलेल्या इंजिनवर तेल उडतं. आधी मेकॅनिककडे न्यायला हवी.

फिटरकाका
इंजिन नुकतंच सुरू केलेलं असताना करायचं, तापल्यावर नाही. मेकॅनिक तर 'बसेल' म्हणतोय.

कासपठार
काका, कोरडा! मागचा सैल केला तर लगेच तेलाचा थेंब आला, पुढे काहीच नाही. बोल्ट काढला तर त्याच्या आडव्या भोकात पेस्टचा राखाडी गोळा, वाटाण्याच्या निम्म्याएवढा, रबरासारखा घट्ट बसलेला. तारेने ओढून काढला, पाइप पेट्रोलने धुतला, तांब्याचे वॉशर टाकले, पेस्ट नाही. आता तेल येतंय. आवाज खूप कमी झाला, पण पूर्ण गेला नाही.

घाटवाट
अडीचशे किलोमीटर कोरडा चालला असेल तर रॉकर झिजला असणार. कव्हर उघडून बघ.

कासपठार
बरोबर. पुढच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या रॉकरच्या दांड्यावर ओरखडे आहेत, नख अडकतं. बेअरिंगचा खालचा अर्धा भागही खरवडलाय. फक्त तो बदलला तर चालेल का?

फिटरकाका
नाही. ते दोन अर्धे जोडीनेच घासलेले असतात, एकट्याने बसत नाहीत. रॉकर आणि दोन्ही अर्धे एकत्र घे, पुढचे-मागचे एकमेकांत मिसळू नकोस. बसवायच्या आधी तेल चोपड, आवळल्यावर रॉकर हाताने हलतोय ना ते बघ. टॅपेट परत सेट करावा लागेल. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहा.