न्यू जर्सीतली छोटी चार्टर शाळा: शाळेचं रिपोर्ट कार्ड कसं वाचायचं?

जर्सीकर: शहरातली चार्टर शाळा आहे (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणारी), तिसरीत जेमतेम २५ मुलं. गणितात प्रावीण्य एका वर्षात १२ टक्क्यांनी घसरलेलं दिसतंय. प्रवेशाच्या लॉटरीचा अर्ज भरावा का?

पाटीपेन्सिल: २५ मुलांत एक मूल म्हणजे ४ टक्के. तुमची ती घसरण म्हणजे फक्त तीन मुलं! निदान तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवा. एनजेएसएलए या राज्याच्या परीक्षेत गणितात पातळी ४ आणि ५ म्हणजे प्रावीण्य. पण खरं बघायचं ते ग्रोथ पर्सेंटाइल. त्यात मुलाच्या प्रगतीची तुलना आधी साधारण तेवढेच गुण असलेल्या राज्यातल्या मुलांशी होते, म्हणून शाळेचा आकडा ५० च्या वर असेल तर तिथली मुलं त्यांच्यापेक्षा जास्त पुढे जातायत. मात्र तो चौथीपासूनच मिळतो.

आकडेमोड: तुलना राज्याच्या सरासरीशी नको, त्याच शहराच्या डिस्ट्रिक्टशी, म्हणजे तिथल्या नेहमीच्या सरकारी शाळांशी करा. मोफत किंवा सवलतीचं जेवण (म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं), इंग्रजी शिकणारी मुलं, विशेष शिक्षण हे तिन्ही रकाने आधी जुळवा. विशेष शिक्षणाचा आकडा डिस्ट्रिक्टपेक्षा फार कमी असेल तर गुण चांगले दिसणारच. अगदी लहान गटांचे आकडे छापत नाहीत, तिथे शून्य समजू नका.

खतावणी: पैशाचंही बघा. १९९५ च्या चार्टर कायद्यानुसार डिस्ट्रिक्ट दर मुलामागे ठराविक रक्कम देतं. इमारतीचं भाडं त्यातूनच जातं. दहा मुलं कमी झाली तरी भाडं आणि शिक्षकांचे पगार तेवढेच. छोट्या शाळा इथेच अडकतात. वार्षिक ऑडिट मागा, पटसंख्या घसरतेय का पाहा. सनद, म्हणजे शाळा चालवायची परवानगी, पहिल्यांदा ४ वर्षांची, मग ५-५ वर्षांची. नूतनीकरण कधी आहे ते अर्जाआधी विचारा.