कुलरचा ५५५ टायमर : बटण धरलं की पंप थांबत नाही
भाऊ, बटण दाबलं की ५५५ ही वेळ मोजणारी चिप पंप ठरावीक वेळ चालवते. बटण दाबून धरल्यावर मात्र पंप थांबत नाही, कारण चिपची पिन २ (ट्रिगर, म्हणजे सुरू करण्याचा इशारा घेणारी) खालीच, म्हणजे ग्राउंडच्या व्होल्टेजवर राहते. ट्रिगर आउटपुट पल्सपेक्षा, म्हणजे पंप चालण्याच्या वेळेपेक्षा, छोटा हवा. बटण ग्राउंडकडे असू द्या, पण पिन २ ला थेट नको, मध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. त्याच्या दोन्ही टोकांवरून प्लसला १०-१० के (किलोओहम) रेझिस्टर, शिवाय पिन २ वरून प्लसला १एन४१४८ डायोड, पट्टी प्लसकडे. बटण सोडताना पुन्हा सुरू होत असेल तर बटणाला समांतर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पिन ४ (रीसेट) प्लसला जोडा, मोकळी सोडू नका. पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड हवाच!

वेळ ठरवणाऱ्या ४७० के रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरड कपॅसिटरने साधारण ११४ सेकंद येतात. पण नागपूरच्या मे महिन्यात अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची (विजेची) गळती वाढते अन् वेळ लांबतो, म्हणून कमी गळतीचाच घ्या.