वहिनींसाठी डिचोलीजवळ कुठे जावे?

पाळीत अतिशय रक्तस्राव होतो आणि घरात बोलायला संकोच वाटतो, अशा वहिनींना प्रथम कुठे न्यावे, असे आपण विचारले आहे. थेट बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जाण्याचा सल्ला इथे अनेकांनी दिला असला, तरी प्रकृती स्थिर असेल तर आधी डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. तिथून चिठ्ठी मिळाली की पुढे म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला जाणे सोपे होते. अंगणवाडी सेविका किंवा उपकेंद्रातील नर्सबाईंशी बोललात, तर बाह्यरुग्ण विभागाचे दिवसही कळतील.

जाण्यापूर्वी वहीत पाळीच्या तारखा, दिवसाला किती पॅड बदलावे लागतात, गुठळ्या पडतात का, चक्कर येते का, हे लिहून ठेवा. संकोचामुळे तोंडून न निघणारी गोष्ट कागदावरून डॉक्टरांपर्यंत पोहोचते. हिमोग्लोबिनची तपासणी आवर्जून मागावी, कारण थकवा ही बाईची सवयच समजून आपल्याकडे रक्तक्षयाकडे फार दुर्लक्ष होते, आणि याची मला खरोखर चीड येते. तासाला एकापेक्षा जास्त पॅड भिजत असेल किंवा भोवळ येत असेल, तर वाट न पाहता 108 ला फोन करावा.

शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचे, कार्ड चालू आहे का, हे आधीच पाहून ठेवावे. घरात मारहाण किंवा धाक असल्यास 181 ही महिला हेल्पलाइन आहे.