मदत हवी आहे: टेबलात नोंद नसेल तर पानावरचा विभाग लपवायचा आहे, इफची अट लावूनही दिसतोच

टाकबोरू:
उत्पादनाच्या पानावर चार विभाग आहेत: वर्णन, तांत्रिक तपशील, डाउनलोड, अभिप्राय. ज्याचा डेटा नसेल तो विभाग शीर्षकासकट दिसायला नको. इफ लावलाय, तरी डाउनलोडचं नुसतं शीर्षक येतंच. तपशिलाचं कधी येतं, कधी नाही. आणि 'शिल्लक नग' ही ओळ काही उत्पादनांवर हवी असूनही गायब. डेटाबेस तपासलाय, त्यात गडबड नाही. आज काम संपवायचंय, लवकर सांगा.

अर्धविराम:
भाषा कोणती, डेटाबेस कोणता? इफच्या कंसात नेमकं काय लिहिलंय? डाउनलोड वेगळ्या टेबलात आहेत की उत्पादनाच्याच ओळीत? एवढं कळल्याशिवाय कुणालाही अंदाजच करावा लागेल.

गोफण:
इतक्या खोलात कशाला जायचं? सगळे विभाग छापा आणि ज्या डिव्हमध्ये (पानावरच्या चौकटीत) काही नाही तो सीएसएसच्या एम्प्टी सिलेक्टरने, म्हणजे रिकामे घटक निवडणाऱ्या नियमाने, लपवा. एका ओळीचं काम आहे.

कोनाडा:
गोफण, तो सिलेक्टर इथे लागूच होणार नाही. डिव्हच्या आत शीर्षक आहे, म्हणजे डिव्ह रिकामा नाही. शीर्षक बाहेर काढलं तरी उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या टॅगमध्ये एक स्पेस किंवा नवी ओळ राहिली की ब्राउझर त्याला रिकामं धरत नाही. टेम्पलेटमधून आलेल्या एचटीएमएलमध्ये ती राहतेच.

गोफण:
मग हॅज सिलेक्टर घ्या, तो आत काय आहे ते बघून घटक निवडतो. २०२३ संपता संपता तो सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आला. ज्या सेक्शनमध्ये यादीचा एकही एलआय (यादीतल्या एका नोंदीचा टॅग) नाही त्याला डिस्प्ले नन, म्हणजे 'दाखवू नको'. आत शीर्षक असलं तरी अडत नाही, जावास्क्रिप्टही लागत नाही.

कोनाडा:
रिकाम्या यादीपुरतं चालेल. पण ही सवय धोक्याची आहे. डिस्प्ले ननने मजकूर डोळ्यांआड होतो, पानाच्या सोर्समध्ये तो असतोच. उद्या फक्त वितरकांना दाखवायचा दर कुणी असाच 'लपवला', तर सोर्स उघडून कोणीही वाचेल. लपलेल्या भागातली चित्रंही ब्राउझर बहुतेक वेळा उतरवून घेतो. जे दाखवायचं नाही ते सर्व्हरने पाठवूच नये.

टाकबोरू:
पीएचपी आणि मायएसक्यूएल, दुसरं काय असणार. डाउनलोड वेगळ्या टेबलात आहेत. क्वेरी चालवतो, नम रोज (परत आलेल्या ओळींची संख्या) शून्याहून मोठा असेल तर विभाग छापतो. तो कायम मोठाच येतो.

अर्धविराम:
क्वेरी 'सिलेक्ट काउंट स्टार' अशी आहे का?

टाकबोरू:
हो. मोजायचंच तर आहे.

अर्धविराम:
मग दोष तिथेच आहे. ग्रुप बाय (गट पाडायची सूचना) नसलेली काउंटची क्वेरी नेहमी एक ओळ परत देते. नोंदी नसतील तर त्या ओळीत ० असतो, पण ओळ असतेच. नम रोज ओळी मोजतो, म्हणून तुम्हाला कायम १ मिळतो.

यादी छापायचीच आहे, तेव्हा मोजणीची क्वेरी काढून टाका. थेट नोंदी आणा, फेच ऑलने सगळ्या एकदम ॲरेत (पीएचपीच्या यादीत) घ्या. ॲरेत काही असेल तरच सेक्शनचा उघडणारा टॅग, शीर्षक, फोरईचने यादी आणि मिटणारा टॅग. हे चारही भाग इफच्या आत हवेत.

दोन गोष्टी टाळा. 'इफ रिझल्ट' एवढंच लिहू नका, कारण शून्य ओळी असल्या तरी रिझल्टचा ऑब्जेक्ट इफमध्ये खराच ठरतो. आणि इफमध्ये एकदा फेच करून पुढे व्हाइलच्या लूपमध्ये परत फेच करू नका. पहिली नोंद इफमध्येच खर्ची पडते. ज्या उत्पादनाची एकच फाइल आहे तिथे शीर्षक येईल आणि खाली काहीच नसेल.

सांजवेळ:
२०२० नंतरही हे सगळं हाताने? लारावेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क घ्या. त्याच्या ब्लेड टेम्पलेटच्या फोरएल्समध्ये रिकाम्या यादीची सोय तयार असते.

कोनाडा:
फोरएल्स यादीच्या जागी 'नोंदी नाहीत' असं काही दाखवायला आहे. वरचं शीर्षक त्याच्या बाहेरच राहतं. आणि लारावेलमध्येही रिकामं कलेक्शन इफमध्ये खरं ठरतं, तिथे इज नॉट एम्प्टी लिहावंच लागतं. फ्रेमवर्क बदलून हा प्रश्न सुटत नाही.

टाकबोरू:
डाउनलोड जमलं. शिल्लक आणि तपशील राहिले. दोन्हीकडे इफमध्ये पीएचपीचं एम्प्टी (रिकामं आहे का ते सांगणारं) वापरलंय.

कोनाडा:
दोन्हीकडे तेच चुकतंय, पण उलट दिशांनी.

पीएचपीचं एम्प्टी ० या आकड्यालाही रिकामं मानतं, मजकूर म्हणून आलेल्या एकट्या '०' लाही. म्हणून शिल्लक शून्य असलेल्या उत्पादनांवर ओळ उडते. तिथे तीन चिन्हांच्या (===) तुलनेने फक्त नल आहे का ते बघा. नल म्हणजे माहिती भरलेली नाही, ० म्हणजे माल संपलाय. ग्राहकाला दुसरी गोष्ट कळायलाच हवी. दराचा कॉलम डेसिमल असेल तर तो '०.००' असा मजकूर म्हणून येतो आणि एम्प्टी त्याला भरलेलं समजतं, तेही तपासा.

तपशील एडिटरमधून भरता ना? आतलं सगळं पुसून सेव्ह केलं तरी बरेच एडिटर एक पॅराग्राफ टॅग आणि त्यात नॉन-ब्रेकिंग स्पेस ठेवतात. जिथे कधीच काही भरलं नाही तिथे शीर्षक लपतं, जिथे भरून पुसलं तिथे दिसतं. तुमचं 'कधी येतं, कधी नाही' हेच असावं. आधी स्ट्रिप टॅग्ज (टॅग काढणं), मग एंटिटी डिकोड (एचटीएमएलचे संकेत मूळ अक्षरांत बदलणं), मग नॉन-ब्रेकिंग स्पेसच्या जागी साधी स्पेस, शेवटी ट्रिम (कडेच्या स्पेस काढणं). नुसता ट्रिम ती स्पेस काढत नाही.

गोफण:
असं केलं तर तपशिलात फक्त चित्र असेल तो विभागही लपेल.

कोनाडा:
बरोबर. स्ट्रिप टॅग्जच्या दुसऱ्या पॅरामीटरमध्ये इमेज, आयफ्रेम, व्हिडिओ हे टॅग राहू द्या. ही गाळणी फक्त तपासण्यासाठी, छापताना मूळ मजकूरच छापा.

दवबिंदू:
ॲडमिनमध्ये प्रत्येक विभागाला 'दाखवा' असा चेकबॉक्स द्या. कुठली अटच नको.

अर्धविराम:
फाइल काढून टाकली आणि टिक तशीच राहिली की पुन्हा रिकामं शीर्षक. मजकूर असूनही मुद्दाम लपवायचा असेल तेव्हा चेकबॉक्स उपयोगी आहे, पण तो डेटाच्या तपासणीच्या जोडीला हवा, तिच्याऐवजी नव्हे. वरची गाळणी सेव्ह करतानाच लावून रिकाम्या तपशिलाला नल करणं त्याहून चांगलं. आधीच्या नोंदी शोधताना रिकाम्या स्ट्रिंगशी तुलना करून नल असलेल्या ओळी सापडत नाहीत, त्यासाठी 'इज नल' वेगळं लिहावं लागतं.

टाकबोरू:
शिल्लक, तपशील दोन्ही झाले. पण आता पानाच्या वरच्या अनुक्रमणिकेत लपलेल्या विभागांची नावं येताहेत, टिचकी मारली की काहीच होत नाही.

अर्धविराम:
अनुक्रमणिका आहे हे आत्ता कळलं. तिथे त्याच अटी पुन्हा लिहू नका, एक बदलाल आणि दुसरी राहून जाईल. काहीही छापण्याआधी चारही विभाग तपासा आणि जे उरतील त्यांचाच एक ॲरे करा: आयडी, शीर्षक, मजकूर. अनुक्रमणिका आणि विभाग दोन्ही त्याच ॲरेवरून फिरवा. ॲरेत एकच विभाग उरला तर अनुक्रमणिका छापूच नका.