एकट्याच्या ‘नाही’चा उपयोग काय? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

ए-४०२: ठराव शेवटी बहुमतानेच होतो. मग एकट्याने ‘नाही’ म्हणून काय साधतं?

सी-१०१: बाकीच्यांचं तोंड उघडतं, काका. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ च्या सुमारास रेषांची लांबी ओळखायचे प्रयोग केले. उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं. तरी बाकीचे ठरवून चुकीचं बोलले की सुमारे ३७ टक्के उत्तरं त्यांच्यामागे जायची. बरोबर बोलणारा एकच सोबती मिळाला की ५-६ टक्के. तोच सोबती मध्येच बहुमताला जाऊन मिळाला, की आकडा पुन्हा चढायचा. म्हणून शेवटपर्यंत सोबत कोण राहणार, हे सभेआधीच पक्कं विचारून घ्या.

बी-३०५: आणि सूर बदलू नका. मानसशास्त्रज्ञ मोस्कोविसी यांचा १९६९ चा प्रयोग: सहांपैकी दोघे ठरवून निळ्या स्लाइडला दर वेळी ‘हिरवी’ म्हणत राहिले, तेव्हा उरलेल्यांची ८.४ टक्के उत्तरं ‘हिरवी’ आली. तेच दोघे कधी हिरवी, कधी निळी म्हणाले तर जेमतेम १.२५. आकडे लहानच आहेत, पण फरक बघा. आपल्याकडे विरोधक नेमके इथेच घसरतात: पहिल्या सभेत खर्च, दुसरीत कंत्राटदार, तिसरीत सचिवांचा स्वभाव!

ए-४०२: अशाने माणूस हट्टी ठरेल की.

बी-३०५: तारीख, हप्ते यांत सूट द्या, मूळ मुद्द्यात नको.

डी-२०३: सचिवांनी एकाला मुद्दाम विरोधक नेमलं तर?

सी-१०१: सोंग कळतं, ताई. मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांच्या प्रयोगांत नेमलेल्या विरोधकासमोर लोक आपल्याच बाजूचे मुद्दे गोळा करत बसले. मनापासून असहमत असलेल्या माणसामुळे नवे पर्याय सुचले. त्यापेक्षा चर्चेआधी ५ मिनिटं प्रत्येकाने मत चिठ्ठीवर लिहायचं, अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलायचं, हात त्यानंतर वर.

डी-२०३: चिठ्ठी कशाला?

सी-१०१: अ‍ॅश यांनीच पाहिलं होतं, मोठ्याने सांगण्याऐवजी लिहून दिलं की री ओढणं बरंच कमी होतं.

बी-३०५: परिणाम उशिरा दिसतो, हेही धरून चाला. आज आपल्याविरुद्ध मत दिलेला माणूस पुढे तोच मुद्दा स्वतःचा म्हणून मांडतो. तेव्हा ‘मी आधीच म्हटलं होतं’ नको. अनुमोदन द्या, काम झालं.

डी-२०३: चिठ्ठीवर नाव?

सी-१०१: नको. इतिवृत्तात मात्र विरोध नावानिशी आणि कारणासह नोंदवून घ्या. नाहीतर मनातून पटलेल्याला कळणार कसं, कोणाशी बोलायचं ते?